चौथीच्या वर्गाची हरकत नाही

८ जानेवारी

दादास,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, वहिनीला आठवण, सगळं लिहिलं असं समज आणि थेट कामाचं वाच. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तुझं नुसतं 'हं' ऐकू येतं. कागदावर 'हं' लिहून पाठवायला तुलाच लाज वाटेल, म्हणून पत्र.

आमच्या शाळेला एक परिपत्रक आलंय. प्रत्येक प्राथमिक शाळेने मुलांच्या सर्जनशील सहभागातून आपल्या परिसराचा हवामान कृती आराखडा तयार करायचा आहे. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. मीही चरफडत चौथीच्या वर्गावर गेले आणि विचारलं, ऊन वाढतंय, पाऊस वेळी-अवेळी कोसळतोय, तर आपल्या शाळेपुरतं आपण काय करायचं?

आमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून एक खोलगट जागा दिसते. तू पाहिली आहेस, आईला सोडायला आला होतास तेव्हा तिथेच गाडी वळवताना चाक रुतवलं होतंस. मुलं तिला 'बशी' म्हणतात. पाऊस आला की वरच्या दोन्ही गल्ल्यांचं पाणी उतरून त्या बशीत बसतं, आमच्या पायरीपर्यंत चढतं आणि हळूहळू जिरून जातं. कडेला तीन जुनी झाडं आहेत, त्यांच्या सावलीमुळे उन्हाळ्यात आमचा पत्र्याचा वर्ग निदान बसण्याजोगा असतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला आम्ही 'प्रश्नपत्रिका' म्हणतो, कारण तिच्या तोंडातून पूर्णविरामाचं वाक्य येतच नाही. ती उठली आणि म्हणाली, "बाई, पाणी कुठे जायचं ते आपण ठरवतो, की पाणी ठरवतं?"

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. सगळे खिडकीला चिकटले आणि बशीबद्दल बोलत सुटले. मला गेल्या वीस वर्षांत खिडकीतून जे दिसलं नव्हतं, ते त्यांना रोज दिसत होतं.

आता तू आत्याचा मुलगा म्हणून नको, पालिकेच्या नगररचना खात्यातला माणूस म्हणून उत्तर दे. पोरांनी हे सगळं मांडलं तर कुणी वाचतं का? कपाटात धूळ खात पडायचं असेल तर आताच सांग. मी त्यांना कागदी पंखे करायला बसवते. तेही हवामानाचंच काम आहे.

तुझी,
चिंगी


१९ जानेवारी

चिंगे,

पन्नाशी उलटली तरी तुझी पत्रातली मिरची काही कमी झाली नाही. वाचून बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. आत्याचा मुलगा म्हणतो, पंखे कर. खात्यातला माणूस म्हणतो, थांब, वेळ चांगली आहे. तुमच्या त्या बशीवर वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आहे. मी काही गुपित फोडत नाही, आमच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर नकाशा लागलाय. फलक जिन्याखाली आहे आणि तिथला दिवा गेलाय, हा भाग वेगळा. त्यावर लोकांकडून 'हरकती व सूचना' मागवल्या आहेत, मुदत फेब्रुवारीअखेर. येणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावर येतो. मी त्याचा गोषवारा करतो, म्हणजे पानंच्या पानं वाचायची आणि वरच्यांसाठी त्याची एक ओळ करायची. खात्यात मला 'एकओळी' म्हणतात. सासुरवाडीला हे कळलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तेव्हा मुलांचा आराखडा इकडे पाठव. नुसता शाळाखात्याला देशील तर तो खरंच कपाटात जाईल. इथे निदान आवक क्रमांक पडतो आणि क्रमांक पडलेला कागद कुणाला फेकता येत नाही.

फक्त एक सांगतो, आणि या बाबतीत माझं ऐक. कडू लिहू नका. 'विरोध', 'निषेध', 'आम्ही होऊ देणार नाही' असे शब्द दिसले की कागद विधी शाखेत जातो, आणि तिथून परत आलेला कागद मी अजून पाहिलेला नाही. सौम्य लिहा. दोन पावलं मागे घेऊन दाखवा. लहान मुलं समजूतदारपणे काही मागताहेत असं दिसलं की वरचे विरघळतात, त्यांनाही नातवंडं आहेत. मी या टेबलावर केस पांढरे केलेत, ते उगीच नाही.

मामीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, माझे दात काढून झाले, आता कवळीची वाट पाहतोय.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

दादास,

काल आमचा कागद तुमच्या खिडकीवर दिला. आठ पानं आणि एक घडीचा नकाशा. तुझ्या टेबलापर्यंत पोचायला त्याला किती दिवस लागतील ते तुझ्या शिपायालाच ठाऊक, म्हणून तोवर मीच सांगते.

मी फारसं काही केलं नाही. पोरांनी आधी वरच्या गल्लीच्या तोंडाशी बादल्या ओतल्या आणि पाणी जिकडे पळेल तिकडे हातात खडू घेऊन तेही पळाले. वाटेत एक शिंपी दुकानाबाहेर मशीन लावून बसतो, त्याच्या पायाखालून पाणी गेलं तेव्हा त्याने शिव्या घातल्या आणि मग स्वतःच एक बादली आणून दिली. खडूच्या सगळ्या रेघा येऊन बशीत मिळाल्या. मग वर्गात चिखलाची प्रतिकृती केली. वर्ग आठवडाभर नांगरलेल्या वावरासारखा होता. मुख्याध्यापक दारातूनच परत जायचे.

फलकावरचा नकाशा मी त्यांना दाखवायला नेला. जिन्याखाली अंधारात तीसेक पोरं माना वर करून उभी. प्रश्नपत्रिकेने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, वाहनतळ म्हणजे गाड्यांचं तळं का? मी हो म्हटलं. मग पाण्याच्या तळ्याला काय म्हणतात, आणि ते फलकावर का नाही? तुमचा एक साहेब जिना उतरत होता, तो हसला आणि कौतुकाने तिच्या गालाला हात लावून गेला. 

आराखडा असा आहे. बशी तशीच ठेवायची आणि मधोमध आणखी खोल करायची, म्हणजे जास्त पाऊस आला तरी पाणी शाळेत शिरणार नाही. झाडं राहू द्यायची. पावसात पहिलीच्या मुलांनी धरून चालावं म्हणून कडेने दोर बांधायचा. वर्गाला जसा मॉनिटर तसा पाण्यालाही एक मॉनिटर, त्याने रोज खिडकीतून पाणी कुठवर चढलं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. आणि गाड्या? गाड्यांसाठी त्यांनी वरच्या अंगाचं बंद पडलेलं गोदाम शोधलं. ती जागा उंचावर आहे, पाणी तिथे थांबत नाही, छपराचं पाणी पन्हळीतून बशीत आणता येईल. हे सगळं त्यांचं त्यांनी काढलं. मला रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा हसू येत होतं, आनंदाने.

तुझं ऐकून शेवट गोड केला. पोरांना आधी पटेना. 'बशीला हात लावू नका' असंच लिहायचं, म्हणून अडून बसली. मीच समजावलं की, मोठ्या माणसांशी असं बोलत नाहीत, आपण काही मागतो तेव्हा थोडं देतोसुद्धा. तुम्हाला गाड्या लावायला तर हव्यातच ना, मग काय म्हणाल? तेव्हा सगळ्यांनी मिळून शेवटचं वाक्य केलं: 'गोदामाच्या जागेवर वाहनतळ करायला आमची काही हरकत नाही.' पोरांनी ते असं ऐटीत लिहिलं की जणू गोदाम त्यांच्याच मालकीचं आहे आणि पालिकेला दान देताहेत.

तुमच्या खिडकीवरच्या बाईने पोच म्हणून शिक्का मारून चिठ्ठी दिली. येताना ती चिठ्ठी प्रत्येकाने थोडा थोडा वेळ हातात धरली.

आता सगळं तुझ्या टेबलावर आहे.

चिंगी


२ मार्च

चिंगे,

कागद आला. मी तो जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतला आणि डबा तसाच राहिला. वहिनी संध्याकाळी डबा उघडून विचारते, भाजी आवडली नाही का. तिला काय सांगू, की एका चौथीतल्या मुलाने पाण्याच्या मॉनिटरचा बिल्ला कसा असावा ते रंगवलंय आणि मी तेच बघत बसलो.

साहेबांनाही दाखवला. फार खूश झाले. प्रस्तावासोबत आम्हाला लोकसहभागाचा एक तक्ता जोडावा लागतो, त्यात 'बालकांचा सहभाग' असा नवा रकाना आलाय आणि तो आजवर कोराच होता. आता तिथे तुमची शाळा आहे. तुमच्या चिखलाच्या प्रतिकृतीचा फोटो वरच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो, छाती जरा फुगलीच.

गोषवारा मी स्वतः केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कागद विधी शाखेत जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे. निश्चिंत राहा. मात्र आता आणखी काही पाठवू नका, स्मरणपत्र वगैरे नकोच. चांगलं चाललेलं काम घाईने बिघडतं. मुलांना म्हणावं, वाट पाहणं हाही नागरिकशास्त्राचा भाग आहे.

कवळी बसली. बोलताना शीळ वाजते.

दादा


२० एप्रिल

दादा,

परवा सकाळी बशीत खोदाईचं पिवळं यंत्र आलं.

वर्गात पाढे चालले होते. यंत्राचा आवाज आला आणि मी थांबवायच्या आत सगळा वर्ग खिडकीला. दादा, पोरं नाचायला लागली. त्यांना वाटलं, बशी खोल करायला आलंय. आपण लिहिलं आणि पालिकेने यंत्र पाठवलं. एकमेकांच्या गळ्यात पडली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या वाजवल्या. प्रश्नपत्रिका आणि आणखी दोघं माझी परवानगी न विचारता पळत खाली गेली आणि यंत्रवाल्याला हातवारे करून सांगू लागली की, खोल मधोमध करायचं, कडेला नाही, कडेला पहिलीची मुलं चालतात. तो माणूस बिचारा मान हलवत होता.

यंत्राने पहिल्यांदा झाडं काढली. मग पाठोपाठ ट्रक आले आणि त्यांनी राडारोडा ओतायला सुरुवात केली. तुटलेल्या भिंती, फरशा, माती. मी खाली उतरून मुकादमाला विचारलं. तो सभ्य होता. म्हणाला, बाई, परवानगी आहे, आणि तुमच्या शाळेची संमतीसुद्धा आहे, मला कागद दाखवलाय.

वर आले तर सगळे आपापल्या जागी बसलेले. कुणी खिडकीत नव्हतं. मी पाढे पुढे सुरू केले, दुसरं काय करणार होते?

तू गोषवाऱ्यात काय लिहिलंस ते मला शब्दाला शब्द लिहून कळव. तुझ्या त्या एका ओळीशिवाय दुसरं काही नको.

चिंगी


६ मे

चिंगे,

तू रागावली आहेस आणि तुला तो अधिकार आहे. पण दोन्ही बाजू ऐकून घे.

ओळ अशी आहे: 'इयत्ता चौथीचे विद्यार्थी: वाहनतळ करण्यास हरकत नाही, पर्यावरणपूरक सूचना केल्या आहेत.'

गोषवाऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो. त्यात गोदाम बसत नव्हतं, म्हणजे गोदाम हा या प्रस्तावाचा विषयच नव्हता. विषयाबाहेरचं लिहिलं तर ओळ परत येते. 'हरकत नाही' हे शब्द मुलांचेच आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. 'हरकत' असं लिहिलं असतं तर सुनावणी लावावी लागली असती, मुलांना बोलावून वकिलासमोर उभं केलं असतं. ते तुला चाललं असतं? मी त्यांना त्यातून वाचवलं असं मला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही थोडं वाटतं.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो. भरावाचं काम डिसेंबरातच देऊन झालं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ते ठाऊक होतं. साहेब तेव्हा मागे लागले होते की, मुलांच्या सहभागाचं काहीतरी मिळव, त्या रकान्यापायी प्रस्ताव अडकलाय. मी तुझ्या शाळेचं नाव सुचवलं नव्हतं, हे मात्र खरं. तुझं पत्रच आपणहून आलं. मला वाटलं, होणारं तर होणारच आहे, निदान त्यात मुलांचं नाव चांगल्या अर्थाने लागेल. दोरासाठी आणि बिल्ल्यासाठी मी साहेबांकडे वेगळा शब्द टाकला आहे. दोराचं बहुतेक होईल.

मामीला यातलं काही सांगू नकोस. तिचा माझ्यावर जीव आहे.

दादा


१४ ऑगस्ट

दादास,

आईला सांगितलं नाही. 

तुझ्या पत्राला उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शाळेत पाणी शिरलं, ते तुला तुमच्या तक्त्यातून कळणार नाही, म्हणून लिहिते. बशी बुजवली तेव्हा तिच्या काठावर एक भिंतही घातली तुम्ही, गाड्या शाळेच्या अंगणात येऊ नयेत म्हणून. वरच्या गल्ल्यांचं पाणी उतरलं, त्याला नेहमीच्या जागी जाता येईना, ते भिंतीला वळसा घालून आमच्याकडे वळलं. बघता बघता पहिलीच्या वर्गात गुडघाभर झालं. माझ्या गुडघ्याएवढं म्हणतेय, पहिलीतल्या मुलांच्या गुडघ्याएवढं नव्हे. मुलांना बाकांवर उभं केलं. पालक येईपर्यंत आम्ही शिक्षक बाक धरून पाण्यात उभे होतो, बाक तरंगून उलटू नयेत म्हणून. शिंप्याने दोन मुलांना खांद्यावर घेऊन वर पोचवलं. सगळी सुखरूप गेली. पुस्तकं, तक्ते, पेटी, काही उरलं नाही.

मग तुमच्याकडचे लोक येऊन भिंतींवर थापा मारून गेले आणि इमारत धोकादायक ठरली. आता चार वर्ग मंडईच्या वरच्या मजल्यावर एकाच दालनात भरतात, मध्ये फळ्यांचे आडोसे. मी भूगोल शिकवते तेव्हा दुसरीला माझ्या नद्या ऐकू येतात आणि मला त्यांची बेरीज. पुढच्या वर्षी शाळा दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायचं चाललंय. तिथे जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणजे निम्म्या मुली घरी बसतील.

माझा तो चौथीचा वर्ग पाचवीत गेला, दुसऱ्या शाळेत. परवा प्रश्नपत्रिका मंडईत भाजी घ्यायला आली होती, मला बघून वर आली. उंच झालीय. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "बाई, ते म्हणतात आम्ही हो म्हटलं होतं. खरं का?"

मी तिला सगळं सांगितलं. रकाना, ओळ, गोदाम कसं गळलं ते. तिला समजतं, लपवायचं कशाला? तिने नीट ऐकून घेतलं. मला वाटलं ती चिडेल, रडेल. तसं काहीच झालं नाही. ती नेहमीसारखी विचार करत उभी राहिली आणि म्हणाली, "पण 'हरकत नाही' असं म्हणायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी हो म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली. दादा, त्या मुलीच्या तोंडून पूर्णविरामाचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तू म्हणतोस, होणारं होणारच होतं. असेल. बशी गेलीच असती. पण त्या परवानगीखाली माझ्या पोरांची सही नसती. 'बशीला हात लावू नका' असं त्यांना लिहायचं होतं, आणि ते लिहून ती हरली असती तर हरलेली माणसं म्हणून तरी मोठी झाली असती. आपण दोघांनी मिळून त्यांना समजूतदार केलं.

दोर अजून आलेला नाही. आता नको.

चिंगी


२७ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र टेबलाच्या खणात ठेवलंय. वहिनीला दाखवलं नाही.

गेल्या रविवारी मी एकटाच तिकडे जाऊन आलो, तुझ्याकडे यायचं धैर्य झालं नाही. वाहनतळात गाड्या फार नव्हत्या. भरावाची माती दबून मधोमध खड्डा पडलाय आणि त्यात पाणी साचलंय. तिकीटवाला म्हणाला, लोक आता वर गोदामाच्या अंगणात गाड्या लावतात, तिथे चिखल नसतो. मी परत आलो.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. डिसेंबरात मी निवृत्त होतो. जाण्याआधी एवढं एक काम करून जावं असं मनात आहे. पालिका प्राथमिक शाळांसाठी चित्रस्पर्धा घेतेय, विषय 'माझ्या परिसराचा हवामान आराखडा'. यंदा परीक्षक बाहेरचे आहेत, प्रामाणिक आहेत, एक बाई तर स्वतः चित्रकार आहेत. पहिल्या येणाऱ्या शाळेचं म्हणणं सभेपुढे जसंच्या तसं वाचून दाखवलं जाणार आहे. गोषवारा नाही, ओळ नाही, पूर्ण कागद. हे मी साहेबांशी भांडून टिपणात घालून घेतलंय. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवला, कवळी पडता पडता राहिली.

तुझ्या यंदाच्या चौथीला बसव. त्यांनी मंडईतली शाळा काढावी, रस्ता काढावा, पाणी काढावं. कडू काढलं तरी चालेल. कडूच काढायला सांग. शाळा मिसळण्याचा निर्णय अजून झालेला नाही, सभेत तेवढं पोचलं तर अजून थांबवता येईल. हे मी तुला उगीच आशा दाखवायला लिहीत नाही, टिपण मी स्वतः पाहिलंय.

एवढं माझ्यासाठी नको, शाळेसाठी कर.

दादा


९ नोव्हेंबर

दादास,

चित्रं वेगळ्या पाकिटातून पाठवली आहेत. मिळाली असतीलच. पाहून तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच लिहिते.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा फाडायला घेतलं होतं. मग शाळा डोळ्यांपुढे आली आणि वर्गावर गेले. खरं सांगायचं तर मी गेल्या वर्षीपेक्षा जास्त जीव लावून बसवलं. कोरे कागद दिले, शिंप्याने दिलेल्या पैशांतून नवे रंग आणले. म्हटलं, चला, खाली उतरू, जुनी शाळा बघून येऊ, भिंत बघू, मोठा रस्ता बघू. कुणी उठलं नाही. म्हटलं, बरं, बसून काढा, पण तुम्हाला जे दिसतं तेच काढा, जे नको असेल ते मोठं काढा, मी कुणाला रागावणार नाही. सगळी शहाण्यासारखी मान हलवून कामाला लागली. एवढा शांत चौथीचा वर्ग मी सबंध नोकरीत पाहिला नाही. आडोशापलीकडून दुसरीचा आवाज तेवढा येत होता.

मी बाकांमधून फिरायला लागले. पहिल्या चित्रात हसरी गोल पृथ्वी होती आणि खालून तिला धरलेले दोन हात. छान होतं. दुसऱ्यातही पृथ्वी आणि दोन हात. तिसऱ्यात हातांना बांगड्या होत्या. मग मी पाहतच गेले. सगळ्या वर्गाने पृथ्वी काढली होती. निळी, हिरवी, गालांवर लाली, भोवती फुलं. शाळा एकाच्याही कागदावर नव्हती, ना भिंत, ना रस्ता, पाण्याचा एक थेंबसुद्धा नव्हता. मी फळ्यावर काही काढून दिलं नव्हतं, दादा. ठरवून केल्यासारखं सगळ्यांचं एकच चित्र.

बक्षीस बहुतेक आम्हालाच मिळेल. मुख्याध्यापकांनी पाहून मला शाबासकी दिली, म्हणाले, यंदा अगदी स्वच्छ काम आहे. सभेत ते पूर्ण कागद वाचणार आहेत म्हणतोस, वाचू देत. कागदामागे सगळ्यांनी 'आपली पृथ्वी सुंदर आहे' असं लिहिलंय. त्यातून शाळा काही वाचायची नाही. मी दुसरं काही काढून घेऊ शकले असते, चार मुलांच्या हाताला धरून रस्ता काढून घेतला असता. पण मग ते माझं म्हणणं झालं असतं. पोरांच्या तोंडी आपलं म्हणणं घालण्याचा प्रकार मी एकदा करून बसलेय, पुन्हा माझ्याने होणार नाही.

खिडकीशी एक मुलगी बसते, अगदी बारीक आवाजाची. तिची थोरली बहीण गेल्या वर्षी माझ्याच वर्गात होती. मी तिच्याजवळ वाकून विचारलं की, बाळा, आपली जुनी शाळा का नाही काढलीस, आपल्या वर्गातही तर पाणी शिरलं होतं. तिने रंगवणं न थांबवता सांगितलं, "ताई म्हणाली, जवळचं काही काढायचं नाही. पृथ्वी काढायची. पृथ्वीवर कुणी भराव टाकत नाही."

मी तिच्या कागदावर 'छान' असा शेरा लिहिला आणि पुढच्या बाकाकडे गेले.

चिंगी